घरच्या कॉम्प्युटरचा व्हायरसपासून बचाव: सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमपासून

‘कुठला अँटिव्हायरस घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, ‘विंडोज कुठलं आहे?’ बहुतेकांना ते सांगता येत नाही. ‘दुकानदाराने टाकून दिलंय’ एवढंच माहीत असतं. नात्यातले आणि सोसायटीतले कॉम्प्युटर बघून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. सिस्टिम क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्स न घेता फसवून चालू केलेली असेल किंवा तिला अपडेट येणं थांबलं असेल, तर विकतचा अँटिव्हायरस फार काही करू शकत नाही. सिस्टिम खरी असेल, अपडेट होत असेल आणि फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेर कुठेतरी असेल, तर फुकटच्या अँटिव्हायरसवरही घरचं काम निभावतं.

हा विषय आत्ता काढायला कारणही आहे. विंडोज १० ला सरसकट मोफत सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलं. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, त्यामुळे पुष्कळांच्या ते लक्षातही आलेलं नाही. मशीन चालू राहतं, पण नवीन सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत.

पुढचं सगळं घरातल्या एखाद्या डेस्कटॉप किंवा लॅपटॉपसाठी आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्याला हात लावू नका, आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा.

हाताशी काय हवं

- ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क.
- कॉम्प्युटरचं बिल. त्यात विंडोजचा उल्लेख आहे का ते बघायचंय.
- मायक्रोसॉफ्ट आणि गुगल खात्यांचे पासवर्ड, आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाइल चार्ज केलेला.
- वाय-फायचा पासवर्ड, प्रिंटर-स्कॅनरचं मॉडेल.
- टॅली वापरत असाल तर तिचा सिरियल नंबर, डिजिटल सिग्नेचर असेल तर टोकन आणि पिन.
- अडलं तर वाचायला दुसरा कॉम्प्युटर किंवा मोबाइल.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस. इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

१. मशीनवर काय आहे ते बघून घ्या

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जाऊन शेवटचं ‘अबाउट’ निवडा. तिथे विंडोजची आवृत्ती, रॅम आणि प्रोसेसरचं नाव दिसतं. तिन्ही कागदावर लिहून घ्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढचा आकडा महत्त्वाचा. ४१३० म्हणजे चौथी पिढी, ८१०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एएमडी असेल तर रायझेन २००० मालिकेपासून पुढे.

मग ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चं पान बघा. विंडोज ११ मध्ये ते सिस्टिमखाली आहे, १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली. ‘डिजिटल लायसन्स’ असे शब्द असतील तर सहसा ठीक. पण घरच्या कॉम्प्युटरवर ‘ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं दिसलं, तर विचारात पडा. मोठ्या कंपन्या स्वतःच्या सर्व्हरवरून शेकडो मशीनचं विंडोज चालू करतात, त्यासाठीची ती सोय आहे. तुमच्या घरी असा सर्व्हर नाही. म्हणजे मशीन एखाद्या कंपनीतून सेकंड हँड आलंय, नाहीतर कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवून विंडोजला फसवलंय.

ज्याला शंका आली असेल त्याने आणखी एक जागा बघावी. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘मॅनेज सेटिंग्ज’ दाबा आणि अगदी खाली ‘एक्स्क्लुजन्स’ गाठा. या यादीत जे फोल्डर असतात ते डिफेंडर (विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस) तपासतच नाही. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर यादी कोरी हवी. क्रॅक चालवणारे ती भरून जातात, कारण नाहीतर डिफेंडर त्यांचा अ‍ॅक्टिव्हेटर पकडून काढून टाकेल. कधीकधी तिथे अख्खा सी ड्राइव्हच दिसतो. मग व्हायरस कुठूनही आला तरी अडवायला कोणी नाही, आणि पडद्यावर मात्र हिरवी खूण.

एक गंमत नेहमी दिसते. ब्रँडेड लॅपटॉपवर बऱ्याचदा कंपनीनेच दिलेलं विंडोज होम असतं आणि त्याची की (लायसन्सचा क्रमांक) मदरबोर्डवरच साठवलेली असते. लॅपटॉप हळू झाला म्हणून मालक दुकानात नेतो, दुकानदार ‘फॉरमॅट मारून’ त्यावर क्रॅक केलेलं विंडोज प्रो टाकतो आणि वर पैसे घेतो. अशा लॅपटॉपवर पुन्हा होम टाकलं, की ते इंटरनेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. नवीन लायसन्सला एक रुपयाही लागत नाही.

उलट बाजूचा फसवा प्रकार म्हणजे ‘डॉस लॅपटॉप’. तो दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतो, कारण त्याच्यासोबत विंडोज येतच नाही. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम टाकणार असाल तर तो छान सौदा आहे, नाहीतर लायसन्सचे पैसे धरून हिशेब करा. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कींच्या नादी लागू नका. त्या बहुतेक कुठल्यातरी कंपनीच्या लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

२. आधी बॅकअप, मग बाकी सगळं

‘सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय’ हा बॅकअप नाही. सी आणि डी बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली तर दोन्ही जातात, आणि रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) आला तर तो दोन्हीकडच्या फाइल कुलूपबंद करतो. प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवायला हवी. जोडलेली राहिली तर तिचंही तेच होईल. महत्त्वाच्या कागदपत्रांची आणखी एक प्रत गुगल ड्राइव्ह किंवा तत्सम ठिकाणी टाका.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर सगळे घेतात. विसरतात ते हे: टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवलेले स्कॅन, आणि मराठी फॉन्ट. जुनं लिखाण श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर ते फॉन्ट जपून ठेवा. फॉन्ट नसेल तर ती फाइल उघडेल, पण अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसेल. वेळ असेल तर हे लिखाण याच निमित्ताने युनिकोडमध्ये बदलून घ्या.

लॅपटॉप नवा असेल तर आणखी एक काम. विंडोज ११ वर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणं, तुमच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं की मशीन चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर आतला डेटा मिळत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर सापडते. ती आत्ताच वहीत उतरवून घ्या.

३. कुठली सिस्टिम ते ठरवा

आधी तुमचं काम काय ते बघा. टॅली, जीएसटी किंवा ई-निविदेसाठी लागणारं डिजिटल सिग्नेचरचं टोकन, श्रीलिपीवर चालणारं डीटीपी, किंवा मुलांच्या कोर्सने सांगितलेलं एखादं खास सॉफ्टवेअर, यातलं काही रोज लागत असेल तर विंडोजवरच राहा. लिनक्सवर ही कामं करायला रोज झटापट करावी लागेल आणि आठवड्याभरात कंटाळाल.

*मशीन विंडोज ११ ला पात्र असेल* तर विचार करायचं कारण नाही, ११ वर जा. अपग्रेड मोफत आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की पात्रता कळते. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ते कधीकधी ‘टीपीएम नाही’ म्हणून नापास करतं, पण टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या साठवण्याची सोय) असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ नावाचा पर्याय शोधा आणि चालू करा. कागदावर किमान ४ जीबी रॅम पुरते असं लिहिलंय, पण ८ जीबी आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क) नसेल तर ११ रडतरखडत चालतं. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले एसएसडीवर करा.

*पात्र नसेल, पण विंडोज हवंच असेल* तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती मोफत मिळते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते, आणि घरगुती वापरासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर झालेली आहे. ही मुदतवाढ आहे, कायमचा तोडगा नाही. तेवढ्यात नव्या मशीनची तजवीज करा.

पात्र नसलेल्या मशीनवर तपासणी चुकवून ११ कसं टाकायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी कोणाला ते करून देत नाही. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय.

*मशीन जुनं, काम साधं* असेल, म्हणजे ब्राउझर, बँक, यूट्यूब, पत्र लिहिणं, फोटो बघणं, तर लिनक्स मिंट टाका. उबंटूवर बेतलेली ही सिस्टिम फुकट आहे, खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्टसारखाच मेनू आहे, त्यामुळे साठीतल्या माणसालाही बिचकायला होत नाही. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या, जास्त असेल तर ‘सिनॅमन’. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआउटच्या यादीतच मिळतो. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येतं. साध्या फाइल नीट उघडतात, पण गुंतागुंतीची मांडणी असलेल्या फाइलची रचना हलते हे आधीच सांगून ठेवतो.

‘लिनक्सला व्हायरस येतच नाही’ हे मात्र खरं नाही. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस त्यावर चालत नाहीत आणि घरच्या लिनक्सच्या मागे फारसं कोणी लागत नाही, एवढंच. बँकेची नकली साइट लिनक्सवरही तितकीच खरी दिसते.

मॅक ज्यांच्याकडे आहे त्यांना अ‍ॅपल स्वतः अपडेट देतं. मात्र सेकंड हँड घेताना इंटेल प्रोसेसरचा घेऊ नका, कारण २०२५ ची टाहो ही मॅकओएसची त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती आहे. विंडोज ७ चालवणाऱ्यांना काय सांगू? त्याची अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली, क्रोमनेही २०२३ मध्ये साथ सोडली. जुन्या मशीनला जोडलेलं एखादं उपकरण चालवण्यासाठी ते लागत असेल तर इंटरनेटची वायर काढून चालवा.

४. इन्स्टॉल करताना

विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आणि मिंट मिंटच्या साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये सगळ्यात वर ‘प्रायोजित’ म्हणून येणारी लिंक दाबू नका. टेलिग्रामवरची ‘हलकी केलेली’ विंडोजही नको. तिच्यातून काय काढलंय आणि त्या जागी काय घातलंय हे कोणालाच माहीत नसतं.

अधिकृत साइटवरून उतरवल्यावरसुद्धा मिंटच्या फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला, ओळख पटवणारा आकडा) जुळवून बघा. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी मिंटच्याच साइटमध्ये घुसून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि लोकांच्या हाती मागचं दार ठेवलेली फाइल जात होती. अशा बदललेल्या फाइलचा चेकसम खऱ्या फाइलच्या चेकसमशी जुळत नाही. कसा जुळवायचा ते मिंटच्या साइटवर पायरीपायरीने दिलंय.

पेन ड्राइव्ह विंडोजसाठी ‘मीडिया क्रिएशन टूल’ने आणि मिंटसाठी ‘रुफस’ने तयार होतो. मिंटचा फायदा असा की डिस्कवर काही न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं. तेव्हाच वाय-फाय, आवाज, कॅमेरा, स्लीप आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. एचपीचे बरेचसे प्रिंटर लगेच ओळखले जातात. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला मात्र लिनक्सवर बरीच खटपट करावी लागते. रोजचं प्रिंटिंग त्याच्यावर असेल तर निर्णय इथेच बदला.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचा मोह होईल. नवख्या माणसाने तो टाळावा. डिस्कचे भाग पाडताना एक चुकीचं बटण दाबलं की सगळं जातं. दोन्ही हवंच असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी लावा.

५. पहिल्याच दिवशी करायची सेटिंग्ज

सगळ्यात आधी अपडेट. ‘अपडेट टाकलं की कॉम्प्युटर स्लो होतो’ म्हणून ते बंद करणारे महाभाग आहेत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम त्याने विस्कळीत केलं. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी दोन महिन्यांत ते टाकलं नव्हतं, त्यांच्या मशीन सापडल्या.

मग दोन खाती करा. एक अ‍ॅडमिनचं, त्याचा पासवर्ड घरातल्या एकाच माणसाकडे. दुसरं साधं ‘स्टँडर्ड’ खातं, रोजच्या वापराचं, मुलांसाठीही तेच. बहुतेक प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. गेमच्या नावाखाली आलेली फाइल बऱ्याचदा तिथे अडते आणि मूल विचारायला येतं. कटकट वाटते खरी, पण माझ्या मते अख्ख्या लेखात सगळ्यात जास्त फायदा देणारी सेटिंग हीच आहे.

तिसरं, फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवायला सांगा. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवतं. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच सवयीवर वाढला. लोकांना प्रेमपत्राची साधी टेक्स्ट फाइल दिसत होती, तिच्या नावामागची डॉट व्हीबीएस ही खरी शेपटी झाकलेली होती. आजही ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशा नावांनी तोच खेळ चालतो. शेपटी दिसत असेल तर पकडता येतो.

आणि ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधला ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू करा. सुरुवातीला तो एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवेल. ओळखीचा असेल तर परवानगी द्या.

६. अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत. ते सगळ्यांना पटत नाही, कारण फुकटच्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही.

पुण्याच्या क्विक हीलबद्दल आपल्याकडे आपुलकी आहे आणि ती रास्त आहे. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून इथपर्यंत आले, आणि धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटिव्हायरसवर कंपनी उभी राहिली. त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण काही नव्हतं, त्यामुळे विकतचा अँटिव्हायरस ही गरजच होती. आज तो घ्यायचा तर कारण असावं. अडलं की विचारायला माणूस हवा असेल, मुलांच्या इंटरनेटवर वेळेचं बंधन हवं असेल, तर जरूर घ्या.

घेतला तर तीन गोष्टी पाळा. एका वेळी एकच ठेवा. दोन असले की एकमेकांवर संशय घेतात आणि मशीन मात्र झोपतं. क्रॅक केलेला अँटिव्हायरस टाकू नका, चोरालाच राखणीला बसवण्याचा तो प्रकार आहे. आणि मुदत संपली की नूतनीकरण करा किंवा पूर्ण काढून टाका. नव्या लॅपटॉपसोबत आलेला चाचणीचा अँटिव्हायरस मुदत संपूनही तसाच पडलेला असतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून नेमकं कोण पहाऱ्यावर आहे ते अधूनमधून बघत जा.

७. व्हायरस घरात कुठून येतो

*झेरॉक्सच्या दुकानातून.* फॉर्म भरायला, प्रिंट काढायला दिवसभर शंभर लोकांचे पेन ड्राइव्ह ज्या मशीनला लागतात, त्यालाच आपलाही लागतो. घरी येऊन बघावं तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, प्रत्येकावर छोटा बाण. घाबरून डबल क्लिक करू नका, व्हायरस चालू होतो तो त्या क्लिकनेच. खरे फोल्डर बहुधा तिथेच लपवलेले असतात. एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगा, फोल्डर ऑप्शन्समधली सिस्टिम फाइल लपवण्याची खूण काढा. फोल्डर फिके दिसू लागतील. त्यातल्या फक्त स्वतःच्या कागदपत्रांच्या फाइल उचला, स्कॅन करा आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी प्रिंटसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात तेवढीच फाइल न्या. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर व्हायरस काढायची साधनं आणि सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ मोफत मिळतं.

*क्रॅक आणि चीटमधून.* फोटोशॉपचा क्रॅक, गेमचा चीट, फुकटचं व्हिडिओ एडिटिंग. सोबत सूचना येते की ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. एवढं वाचल्यावर तरी थांबावं. यातून आजकाल जे येतं ते पडद्यावर काही दाखवत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज (लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइल) गुपचूप उचलून पाठवतं. कुकी हाती लागली की ओटीपीशिवायही खात्यात शिरता येतं. फोटोशॉपऐवजी गिम्प किंवा फोटोपी, एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, असे सरळ मार्ग आहेत.

*‘मी रोबोट नाही’मधून.* हा नवा प्रकार आहे आणि भल्याभल्यांना गंडवतो. एखादी साइट नेहमीसारखी चौकट दाखवते आणि खाली सांगते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. साइटने तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्याच हाताने चालवता. कुठलीही खरी साइट ओळख पटवायला असं करायला लावत नाही. घरातल्या कॉलेजच्या पोरांनाही हे वाचून दाखवा.

*कोपऱ्यातल्या सूचनांमधून.* खाली उजवीकडे ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ अशी चौकट सारखी येते, आणि बाबा हवालदिल होतात. नव्वद टक्के वेळा, हा माझा अंदाज आहे, तो व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं, ती साइट ब्राउझरमार्फत जाहिराती पाठवत असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’, आणि अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. यासाठी कित्येकांनी फॉरमॅटचे पैसे मोजलेत.

*फोनवरून.* पूर्ण पडदा भरून इशारा येतो, भोंगा वाजतो आणि एक नंबर दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. नंबरवर फोन केलात तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगेल आणि मशीन त्याच्या ताब्यात जाईल.

*मेलमधून.* थकलेलं वीजबिल, कुरिअर, आयकराचा परतावा. अ‍ॅटॅचमेंटमधली एक्सेल फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल तर दाबू नका. खरं बिल संबंधित साइटवर स्वतः जाऊन बघता येतं.

८. लागण झालीच तर

आधी इंटरनेट तोडा, वाय-फाय बंद करा किंवा वायर काढा. मशीन लगेच फॉरमॅट करू नका. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या स्कॅन पर्यायांमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो विंडोज चालू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला लपणं अवघड जातं.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून. आधी ईमेल, मग बँक, मग बाकी. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट’ हा पर्याय वापरा, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

फाइलींच्या नावांपुढे विचित्र शेपट्या लागल्या असतील आणि खंडणीची चिठ्ठी आली असेल तर पैसे देऊ नका. पैसे घेऊनही किल्ली न देणारे आहेत. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’च्या साइटवर कुलूपबंद झालेली एखादी फाइल आणि ती चिठ्ठी टाकली की मोफत किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. आज नसली तरी त्या फाइल एका डिस्कवर बाजूला ठेवा. काही प्रकारांच्या किल्ल्या नंतर मिळालेल्या आहेत.

सगळं पुसून नवी सिस्टिम टाकलीत, की बॅकअपमधून फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं परत आणा. जुने सेटअप, डॉट ईएक्सई आणि झिप फाइल परत आणू नका, त्या मूळ साइटवरून नव्याने उतरवा.  आधी डिफेंडर अपडेट करा, डिस्कवर उजवं क्लिक करून स्कॅन चालवा, ते पूर्ण संपू द्या, आणि मगच फोल्डर उघडा.